फणसाच्या सावलीत देवापुरतं फूल

साताऱ्याला किल्ल्याच्या पायथ्याशी आम्ही घर घेतलं तेव्हा घराभोवती किती जागा आहे हे मी टेप लावून मोजून घेतलं होतं. तिथे ऊन किती येतं हे मात्र बघायचं राहिलं. दक्षिणेला डोंगर, पश्चिमेला शेजाऱ्यांचं दुमजली घर आणि त्यांच्याच आवारातून आमच्या परसावर वाकलेला भला मोठा फणस. हिवाळ्यात आमच्या परसात ऊन यायचं ते घाईतल्या पाहुण्यासारखं, चहासुद्धा न घेता परत. माझं त्यावाचून काही अडत नव्हतं. कपडे गच्चीवर वाळत होते, पापडही गच्चीवरच. परसात जुनी सायकल आणि फणसाची पानं.

मग आक्का आल्या.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. सांगलीजवळ माधवनगरला त्यांचं दोन खोल्यांचं स्वतःचं घर होतं. यजमान तिथल्या गिरणीत होते. ते जाऊन काही वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि आक्का एकट्या राहत होत्या. त्या वर्षी दिवाळी संपल्यावर शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला की आक्का पडल्या. सकाळी देवासाठी फुलं काढताना चक्कर आली आणि अंगणातच कोसळल्या. दूधवाला आला म्हणून कळलं, नाहीतर दुपारपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. आम्ही पोचलो तर आक्का खाटेवर बसून दूधवाल्यालाच चहा करून घे म्हणून सांगत होत्या. हाड मोडलं नव्हतं.

डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला, गोळी सुरू केली आणि आम्हाला बाजूला घेऊन बजावलं, चक्कर पुन्हा येऊ शकते, ह्यांना एकटं ठेवू नका. तिथल्या तिथे मी गोळ्यांच्या पाकिटाच्या पाठीवर यादी केली: गोळ्या, दोन लुगडी जास्त, चष्मा, देव. आक्कांचे देव एका पितळी डब्यात बसून साताऱ्याला आले.

पहिले दोन-तीन दिवस बरे गेले. आम्ही दोघं कामावर असताना शेजारच्या वहिनी येऊन-जाऊन असायच्या. मग माझ्या लक्षात आलं की आक्का पूजा करतात, पण देवांवर नुसत्या अक्षता असतात. मी ऑफिसातून येताना मंडईतून फुलांची पुडी आणली. आक्कांनी ती उघडलीसुद्धा नाही.

"विकतचं फूल मी देवाला घालत न्हाई."

"का हो आक्का? ताजी आहेत."

"बाजारातल्या फुलाला धा जणांचं हात लागल्यात. कुणी वास घेऊन टाकलंय, कुणी पायात घेतलंय. आपल्या भुईतलं फूल, आपल्या हातानं काढलेलं. माझ्या सासूनं तसंच केलं, मी बी तसंच केलं."

आमचे हे शिरवळच्या कारखान्यात होते. सकाळी लवकरच कंपनीची बस गाठायला निघायचे. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून फिरायला गेले आणि रुमालात जास्वंदी घेऊन आले. आक्कांनी रुमालाकडे पाहिलं.

"कुणाच्या घरची रं?"

"अगं, फांदी रस्त्यावरच आली होती."

"फांदी रस्त्यावर, मूळ आत. चोरीच की ही! तुझ्या पापात माझ्या देवाला कशाला घेतोस?"

जास्वंदी मी स्वयंपाकघरात पेल्यात ठेवल्या.

आक्का भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या भांडत नव्हत्या. पूजा झाली की परसाच्या दारात उभ्या राहून त्या काळोख्या पट्टीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "चैत्राचा पाडवा झाला की मी जाते माझ्या घरी." आमच्या यांचा चेहरा उतरायचा. बहीण पुन्हा एकटी, पुन्हा अंगणात पडलेली, हेच त्यांच्या डोळ्यांसमोर यायचं. त्यांनी समजावलं, चिडले, एकदा रडायचेच बाकी राहिले. आक्कांचं उत्तर ठरलेलं. "तुमचं सगळं चांगलं हाय रं. माझं देव उपाशी हायती."

फूल हे एकच कारण होतं असं मी म्हणत नाही. स्वतःचं घर, स्वतःची चूल, ओळखीचे शेजारी, सगळंच त्यात होतं. पण त्यातलं मला फक्त फुलांचंच काही करता येण्यासारखं होतं. म्हणून मी ते हातात घेतलं.

सुरुवात आक्कांनीच केली होती. माधवनगरहून मोगऱ्याची रोपं मागवली, झेंडूचं बी टाकलं, एक गुलाब. मोगरा नुसताच उंच झाला, खिडकीतून डोकावणाऱ्या शेजाऱ्यासारखा, कळीचा पत्ता नाही. झेंडू आडवा पडला. गुलाबाला पांढरी भुकटी धरली. त्यांच्या माधवनगरच्या अंगणात दिवसभर ऊन. तिथे काठी खोचली तरी फुलत होती. इथे आक्का रोज सकाळी मेलेली रोपं उपटायच्या, आणि शेवटी एके दिवशी हात धुता धुता म्हणाल्या, "आता माझ्यासाठी काय लावू नगंस. रोप मरतंय, आन् लागतंय मला."

मी लावायचं थांबवलं नाही, सांगायचं थांबवलं. ऑफिसात माझं आवक-जावकचं टेबल होतं, कागद कुठून आला आणि कुठे जायचा हे ठरवण्यात माझी वर्षं गेली होती. फुलांचंही तसंच लावलं. अटी चार. एक, सावलीत फुललं पाहिजे. दोन, वसंतात फुललं पाहिजे, म्हणजे पाडव्याच्या आसपास. तीन, एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहिलं पाहिजे, कारण दर मोसमाला नवं बी पेरायला आक्कांना वाकता येणार नव्हतं. चार, आक्कांच्या देवाला चाललं पाहिजे. पहिल्या तीन अटींना झाडं सापडत होती. चौथीला सगळी गळत होती.

पाचगणीच्या बाजूला एक रोपवाटिका होती. डोंगरावर धुकं, झाडांखाली गारवा, तिथल्या लोकांना सावलीतली फुलं माहीत असणार, असा माझा हिशेब. पौषातल्या एका रविवारी आक्कांना "जरा फिरून येऊ" म्हणून एसटीनं घेऊन गेले. रोपवाटिकेवरचा माणूस बोलका होता. त्यानं पहिल्यांदा लोंबत्या फुलांचं झाड दाखवलं, फुलं जांभळी-गुलाबी, डुलासारखी.

"मावशी, हे बघा, सावलीतलंच. साहेब लोकांच्या बंगल्यात असतंय."

आक्कांनी एक फूल बोटानं हलवून बघितलं. "आवं, ही कानातली हायती. मेमसायबाच्या कानात घाला. देवाच्या डोक्यावर कशी ऱ्हायची?"

त्यानं बिगोनिया काढला. आक्कांनी वाकून वास घेतला, परत घेतला. "ह्याला वासच न्हाई. कागदाचं का खरं?"

"खरंच आहे मावशी."

"मग इसरलंय वास आणायला."

मग त्यानं ती पांढरी लिली दाखवली, एकच पांढरं पान वर उभं असतं ती. मला ती फार आवडली होती. सावलीत वाढते, टिकते, पांढरी शुभ्र. माझ्या यादीत तिला सगळ्यात वर जागा होती. आक्कांनी पानं चाचपली आणि मोठ्यांदा हसल्या.

"अगं, ह्यो तर अळवाचा पाव्हणा! डोक्यावर टोपी घालून आलाय नुसता. ह्याच्या वड्या कर."

रोपवाटिकेवाला हसला, मीही हसले. आत मात्र माझी यादी निम्मी झाली. मी तगरीची दोन छोटी रोपं आणि एक अनंत घेतला. दोन्ही थोड्या सावलीत चालतात, दोन्ही देवाला चालतात. पण तो माणूस खरं बोलला, "बाई, ही जोर धरायला एक पावसाळा तरी जाऊ द्या." म्हणजे पाडव्याला फूल नाही. तरी ती मी परसाच्या कडेला लावून टाकली. अबोली माझ्याकडे फाटकापाशी होती, तिथे जरा उजेड यायचा. पण आक्कांनी अबोली वेणीला मान्य केली होती, देवाला नाही.

उपाय ऑफिसात सापडला. माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण मिरजेकडची. डबा खाताना मी तिला माझ्या चार अटी सांगितल्या, तशी ती म्हणाली, "अगं, मग भुईचाफा लाव की!"

"तो कसा असतो?"

"आमच्या माहेरी गोठ्याच्या मागं, आंब्याच्या सावलीत. थंडीत पानं वाळून जातात, वर काहीसुद्धा दिसत नाही, कुणाला वाटेल मेला. चैत्र जवळ आला की पान नाही, फांदी नाही, थेट मातीतून फूल. जांभळं-पांढरं. आणि वास असा की ओसरीवर कळतं. पाऊस लागला की मग पानं. लावायचं आणि विसरायचं."

"देवाला?"

"माझी आई रोज वाहते."

पुढच्या वेळी माहेरून येताना तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून कंद आणले. आल्यासारखे, खाली गोल गोल लोंबत्या गाठी असलेले. तिनं एकच ताकीद दिली. झोपलेत तोवर पाणी नको, कुजतील. फाल्गुन सरताना शिंपडायला लाग.

माघात हे आक्कांना घेऊन दोन दिवस माधवनगरला गेले. घर झाडून-पुसून ठेवायचं होतं, म्हणजे पाडव्यानंतर जायला तयार, असं आक्कांचं म्हणणं. ते दोन दिवस मला सोन्यासारखे मिळाले. परसातली फणसाची पानं मी गोळा केली, माती खणली, कुजलेलं शेणखत मिसळलं, आणि कंद हातभर अंतरानं, बोटभर खोल लावले. कुठे लावले ते कळावं म्हणून प्रत्येक ठिकाणी एक करवंटी पालथी घातली. आक्कांना सांगायचं नाही हे ठरलेलंच होतं. आणखी एक मेलेलं रोप त्यांच्या नावावर मला चढवायचं नव्हतं. फुललं तर फुललं.

आक्का परत आल्या. परसाच्या मधोमध नुसती मोकळी काळी माती आणि पालथ्या करवंट्या.

शिमगा झाला, आणि त्यानंतरच्या एका संध्याकाळी मी ऑफिसातून घरी आले तर दारातच शेणाचा वास. परसात गेले आणि जागच्या जागी उभी राहिले. सगळी पट्टी चोपून, सारवून, बोटांच्या अर्धगोल रेषा काढून अशी गुळगुळीत केली होती की तिच्यावर जेवायला पान मांडावं. करवंट्या एका कोपऱ्यात रचून ठेवलेल्या. आक्का कमरेवर हात ठेवून उभ्या. चेहऱ्यावर घाम आणि समाधान.

"गवळणीकडनं शेण मागून आणलं. धोपाटण्यानं लय चोपली, तवा कुठं बसली भुई."

"आक्का, तुम्ही ... तुम्हाला चक्कर आली असती!"

"आली न्हाई ना? अगं, पाडव्यानंतर मी जाणार. जाताना तुझं परस तसंच उकिरड्यावानी ठेवून जाऊ? उघडी माती बरी दिसत न्हाई. कुणी करवंट्या टाकल्यात बघ तिथं, घाणच घाण."

दारापुढची माती उघडी दिसली की ती सारवायची, हे त्यांच्या हाताला बोलायला येण्याआधीपासून माहीत होतं. ज्या मातीत मी फूल निजवलं होतं ती त्यांनी माझ्यावर उपकार म्हणून दगडासारखी करून ठेवली होती. तेव्हा सांगितलं असतं तर आक्कांनी कपाळावर हात मारून घेतला असता आणि वर फुललं नसतं तर त्याचंही त्यांनाच लागलं असतं. मी हात-पाय धुतले आणि चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण म्हणाली, "खणू मात्र नकोस. कोंब वर येत असतील तर मोडतील. ओलं गोणपाट टाक, कवच मऊ पडेल."

मी गोणपाट भिजवून सारवलेल्या जमिनीवर अंथरलं. रोज सकाळी निघण्याआधी भिजवायचं, आल्यावर उचलून बघायचं. आक्का हे बघत होत्या.

"भुईला ताप आलाय व्हय?"

"का हो?"

"न्हाई, कपाळावर पट्टी ठेवल्यावानी रोज ठेवतीस म्हणून इचारलं."

"सारवण तडकू नये म्हणून, आक्का." त्या वेळी एवढंच सुचलं. आक्कांनी गोणपाटाचं टोक पायानं सरळ केलं. मग म्हणाल्या, "ऑफिसात लय काम हाय वाटतं," आणि आत गेल्या.

पाडवा जवळ येत चालला. यांनी माधवनगरच्या शेजाऱ्यांना फोन करून रात्री झोपायला कुणी येईल का म्हणून विचारायला सुरुवात केली होती. गोणपाटाखाली काही नव्हतं. एके दिवशी मी ते काढून टाकलं. रोज उचलून बघण्यानं माझीच तब्येत बिघडायला लागली होती.

पाडव्याच्या दोन-चार दिवस आधी सकाळी मी भाकरीचं पीठ मळत होते, हे बुटाच्या नाड्या बांधत होते. परसातून आक्कांची हाक आली.

"अगं ये! आगं, लवकर ये!"

आम्ही दोघं धावलो. मला वाटलं, पडल्याच. माझे हात पिठाचे, यांच्या एका पायात बूट. आक्का उभ्या होत्या, धड होत्या, आणि बोट खाली केलेलं. सारवणाला एक बारीक भेग गेली होती आणि भेगेतून, पान नाही, फांदी नाही, थेट जमिनीला टेकून एक फूल. वरच्या पाकळ्या पांढऱ्या, खालची जांभळी, पाण्यात भिजल्यासारखी नितळ. त्याच्या शेजारी आणखी दोन टोकं वर निघालेली.

"ह्ये काय?" आक्का म्हणाल्या. "कुणी आणून टाकलं?"

"टाकलं नाही, आलंय. भुईचाफा. मी लावला होता, माघात." मग मी सगळं सांगून टाकलं, कंद, करवंट्या, गोणपाट, सगळं. आक्कांनी ऐकून घेतलं. मग उकिडव्या बसल्या, नाक मात्र हातभर लांबच ठेवलं. मैत्रिणीचं खरं होतं, वास माझ्यापर्यंत, उभी होते तिथपर्यंत येत होता.

"वास हाय," आक्का म्हणाल्या.

मी सुटले म्हणणार तेवढ्यात त्यांनी मान हलवली. "पण भुईला लागलंय की गं. भुईला लागलेलं फूल देवाला कसं घालू? खाली पडलेलं आपण उचलत न्हाई."

माझ्या चार अटींत ही अट नव्हतीच. फूल उंचावर येतं की जमिनीवर, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. भुईचाफा भुईवरच येणार! आमचे हे बूट हातात धरून उभे, त्यांची बस निघून चालली होती.

आक्कांनी फुलाच्या भोवतीच्या सारवणावरून बोट फिरवलं. त्यांच्याच हातच्या रेषा होत्या त्या.

"सारवलंय तर," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग आमच्याकडे बघून, जरा दटावून, जणू आम्हीच आडकाठी केली होती, "सारवलेल्या भुईवर देवाचं पान मांडतो की आपण. न्हाई का? मग सारवल्यावर आलेलं फूल पडलेलं कसं? मी सारवली नसती तर चाललं नसतं. सारवली म्हणून बरं!"

"व्हय आक्का," हे म्हणाले. सरळ गावच्या बोलीत. मी पिठाच्या हातानंच कपाळ पुसलं.

आक्कांनी ते फूल दोन बोटांनी अलगद काढलं, तांब्याच्या ताटलीत ठेवलं, आणि त्या दिवशी देवांच्या डोक्यावरच्या अक्षता बाजूला झाल्या. मी भाकऱ्या करत होते. आतून घंटेचा आवाज आला तो नेहमीपेक्षा मोठा, निदान मला तसा वाटला. त्या दिवशी मी सगळ्या भाकऱ्या एका बाजूला करपवल्या आणि कुणी काही म्हटलं नाही.

नाश्त्याला बसल्यावर यांनी हळूच विषय काढला. "आक्का, पाडव्यानंतरच्या गाडीचं मग काय करू?"

"कशाला? त्ये फूल एका दिवसाचं हाय. उद्या दुसरं येणार. काढणार कोण? ही काढंल, तर आधी नाकाला लावंल. तू काढशील, तर बुटानं तुडवशील." चहाचा घोट घेऊन पुढे म्हणाल्या, "आन् पावसात पानं येणार म्हणतीस ना? मग त्या तगरी जरा पलीकडं सरकव. दाटी व्हईल."

त्या एवढंच बोलल्या. राहते असा शब्द त्यांनी वापरला नाही. यांनी माझ्याकडे बघितलं आणि पायातला बूटही काढून ठेवला. रजा टाकायला लागणार होती, पण चेहरा असा की पगारवाढ झाली असावी.

पाडव्यानंतरच्या रविवारी आक्कांपाशी शेजारच्या वहिनींना बसवून आम्ही दोघं माधवनगरला गेलो, आक्कांचं सामान आणायला. घर पुढे एका शाळामास्तरांच्या कुटुंबाला राहायला दिलं. साताऱ्याहून निघताना आक्का सामान सांगत होत्या आणि मी लिहून घेत होते. त्यांच्या बोलण्यापुढे माझा हात पुरत नव्हता. पातेली, समई, गोधड्या, लोणच्याची बरणी, भिंतीवरचं घड्याळ. शेवटी म्हणाल्या, "आन् माझा पाटा-वरवंटा."

"आक्का, साताऱ्यात पाटा मिळतो!" आमचे हे कळवळून म्हणाले.

"त्यो माझा न्हाई."

तो काळा दगडी पाटा आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून सांगलीच्या स्टँडवर आणला. मध्येच टेकवत, हात बदलत; बाकीची बोचकी हमालाच्या डोक्यावर. वरवंटा माझ्या पिशवीत, पिशवीचा बंद खांद्यात रुतलेला. कंडक्टरनं पाट्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"बाई, ह्याला शीट पाहिजे का?"

"खाली ठेवतो," हे म्हणाले. "बसून न्यायला लागंल एवढा म्हातारा न्हाई त्यो."

मी खिडकीशी बसले. पायाशी पाटा, वळणावर तो माझ्या घोट्याला लागत होता. चार दिवस राहायला येणारं माणूस पाटा मागवत नाही, एवढं मला कळत होतं. कराड आलं तेव्हा मला झोप लागली होती, आणि साताऱ्यापर्यंत मी जागी झाले नाही.